बाबांचा लॅपटॉप बोलता करायचा तर

ताई, बाबा निवृत्त शिक्षक, काचबिंदूने नजर गेलेली, भाच्याने जुन्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ ही विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली टाकून दिलीय, त्यावर त्यांना मराठी वाचता-लिहिता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल. मी स्वतः दृष्टिहीन आहे आणि बरीच वर्षं लिनक्सवरच काम करतोय. पण बाबांना आधीपासून विंडोजची सवय असेल तर ते मोडू नका. तिथला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडरही (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) मुक्तस्रोत आणि फुकट आहे, त्यामुळे निव्वळ पैशासाठी लिनक्सवर यायची गरज उरलेली नाही. पाटी कोरी असेल तर मात्र खुशाल इथून सुरुवात करा.

वेगळं काही उतरवून घ्यायचं नाही. विंडोजचं चित्र असलेलं बटण, ऑल्ट आणि एस एकत्र दाबा, उबुंटूतला स्क्रीन रीडर ऑर्का बोलायला लागेल. आता ऑर्काच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपचा कीबोर्ड निवडा, म्हणजे कॅप्स लॉक हे ऑर्काचं बटण होईल. ते धरून एच दाबलं की शिकायची अवस्था सुरू होते: कुठलंही बटण दाबा, त्याचं नाव ऐकू येतं आणि बिघडत काहीच नाही. एस्केपने बाहेर. पहिले दोन दिवस बाबांना एवढंच करू द्या. मास्तर आहेत, उजळणीचा कंटाळा करणार नाहीत!

एक काम तुम्हालाच करावं लागेल. लॉगिनच्या वेळी नाव निवडलं की कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं, तिथे एक्सऑर्ग निवडा, ही पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारी जुनी यंत्रणा. तिच्या जागी आलेल्या नव्या वेलँडमध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्याची बटणं ऐकू देत नाहीत. सुरक्षेसाठी ते ठीकच, पण स्क्रीन रीडरचं पोट त्यावरच चालतं. पूर्वी वेलँडवर ऑर्काला हाक मारायला कॅप्स लॉक दाबायचो, तर ऑर्का गप्प आणि पुढचा सगळा मजकूर कॅपिटलमध्ये. ग्नोम (उबुंटूचा डेस्कटॉप) ४८ पासून हे बरंच सुधारलंय, पण तुमच्याकडची आवृत्ती त्याआधीची आहे. आणि भाच्याला सांगा, उगाच अपग्रेड करू नकोस, उबुंटू २५.१० मध्ये एक्सऑर्गचा पर्यायच काढून टाकलाय.

आवाज ईस्पीक एनजी या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामचा. ऑर्काचं बटण आणि स्पेस दाबून भाषेत मराठी निवडा. माझ्याकडे इंग्रजी आवाज ठेवला की देवनागरी मजकूर हिंदी वळणाने कानावर पडतो. मराठी आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखाच आहे, खोटं कशाला सांगू. चहातला च आणि चमच्यातला च लिहायला एकच, त्यामुळे यंत्र अंदाज बांधतं आणि चुकतं. महिनाभरात कान सरावतो. पुढे आपण वेग इतका वाढवतो की घरच्यांना एक अक्षर कळत नाही.

खरी रड आहे ती जुन्या फॉन्टची. आमच्या सोसायटीची नोटीस ईमेलने आली, शुद्ध मराठी, असं बायको म्हणाली. ऑर्का मात्र इंग्रजी अक्षरं आणि कंसांची बडबड करत होता. कृतिदेव, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून मराठीचा मुखवटा. ओळखायची युक्ती सोपी: मजकूर कॉपी करून साध्या एडिटरमध्ये टाका. कचरा दिसला तर जुना फॉन्ट, तो कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, आणा. मजकूर निवडताच येत नसेल तर तो फोटो आहे. त्याला टेसेरॅक्ट हा चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम आणि त्याचा मराठीचा संच लागतो. ओसीआरमायपीडीएफ हे साधन त्यावरच चालतं आणि अख्ख्या स्कॅन पीडीएफला वाचण्याजोगा मजकूर चिकटवून देतं. जोडाक्षरांत चुका होतात, पण अर्थ लागतो.

लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्डची मांडणी शिकवा. फोनेटिक सोपं वाटतं, पण त्यात मराठी शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग सतत डोक्यात ठेवावं लागतं. इनस्क्रिप्टमध्ये डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे व्यंजनं. एफ आणि जेवरच्या उंचवट्यांवर बोटं ठेवली की डाव्या बोटाखाली पहिली वेलांटी, उजव्याखाली र. बाराखडी ज्याच्या हाडात मुरलीय त्याला हे पटकन जमतं.

आणि हो, टचपॅड बंद करून टाका. तळहात लागून भलतीकडेच क्लिक होतं आणि शिव्या ऑर्काला बसतात.