काकांचा अमेरिकेहून आणलेला जुना ट्यूब गिटार अ‍ॅम्प दहा वर्षं माळ्यावर पडून आहे. घरच्या घरी तपासून चालू करता येईल का?

आधी एक विनंती. अजून प्लग लावला नसेल तर लावू नका. ‘एकदा लावून तर बघू’ असा मोह होतो, पण इतकी वर्षं पडून राहिलेल्या अ‍ॅम्पचा घात नेमका त्या पहिल्या मिनिटात होतो.

तुम्ही लिहिलंय की अ‍ॅम्प फेंडर डीलक्स रिव्हर्ब आहे, बटणांची पट्टी चंदेरी आहे, प्लगची तिसरी पिन कुणीतरी कापलेली आहे, आणि नवे व्हॉल्व्ह, म्हणजे ट्यूब, कुठे मिळतील ते हवंय. माझ्याकडे याच जातीचा अ‍ॅम्प आहे. त्याच्या पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागच्या भागाच्या, पाठीवर १३७७३१५ असा आकडा आहे. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७३ म्हणजे साल, १५ म्हणजे त्या सालातला आठवडा. अ‍ॅम्प त्याआधीचा असू शकत नाही. तुमच्याही पॉटवर असा आकडा सापडेल. माझा अ‍ॅम्प मी स्वतः उघडून दुरुस्त केलाय, म्हणून खात्रीने सांगतो: व्हॉल्व्हची चिंता तूर्त सोडा. काच शाबूत असेल तर ते नुसते पडून राहून सहसा खराब होत नाहीत. खराब होतात ते कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे भाग.

पॉवर सप्लायच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये ओलसर रसायन असतं. ते वर्षांनुवर्षं वाळत जातं, आणि वीज न मिळाल्याने आतला ऑक्साइडचा पापुद्रा कमजोर होतो. अशा कंडेन्सरवर एकदम ४०० व्होल्टच्या वर दाब आला की तो शॉर्ट होतो आणि जाताना रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीची डीसी करणारा), कधी पॉवर ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. कंडेन्सर पुन्हा मिळतात, त्या काळचा ट्रान्सफॉर्मर मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

हे कंडेन्सर चेसिसवरच्या, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावरच्या, चौकोनी पत्र्याच्या झाकणाखाली असतात, पुठ्ठ्याच्या नळ्यांसारखे. माझ्या अ‍ॅम्पमध्ये दोघांच्या टोकाचं रबर फोडासारखं फुगलं होतं आणि खाली फणसाच्या चिकासारखा तपकिरी डिंक वाळून बसला होता. बाकीचे दिसायला ठणठणीत होते, तरी मी सगळेच बदलले. तुम्हीही तेच करा. दुकानात, मग ते तपकीर गल्लीतलं असो वा लॅमिंग्टन रोडवरचं, मायक्रोफॅरडच्या, म्हणजे क्षमतेच्या, आधी व्होल्टेज सांगा: ४५० किंवा ५००, त्याखालचं नको. बायसचा, म्हणजे पॉवर व्हॉल्व्हना ताब्यात ठेवणाऱ्या ऋण व्होल्टेजचा, एक छोटा कंडेन्सर चेसिसच्या आत वेगळा असतो. त्याचं धन टोक अर्थकडे असतं. सवयीने उलटा बसवला तर तो फुटतो.

आता जिवाचा प्रश्न. प्लग काढलेला असला तरी या कंडेन्सरमध्ये ४०० व्होल्ट शिल्लक असू शकतात. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपच्या वायरींना जोडा. एक क्लिप चेसिसला अडकवा, दुसरी प्रत्येक कंडेन्सरच्या धन टोकाला पाच-दहा सेकंद लावा. डावा हात पाठीमागे ठेवा, म्हणजे चुकून धक्का बसलाच तरी वीज एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जाणार नाही. मग मल्टीमीटर लावून शून्य दिसतंय का ते बघा. दोन मिनिटांनी पुन्हा बघा, कारण रिकाम्या केलेल्या कंडेन्सरमध्ये थोडं व्होल्टेज आपोआप परत चढतं. कधी डाख दिला नसेल, मल्टीमीटर हाताळला नसेल, तर हे काम व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जुन्या मेकॅनिककडून करून घ्या, आणि शेजारी बसून शिका.

कापलेली पिन ही तितकीच गंभीर गोष्ट. तीन पिनांची नवी वायर घाला, हिरवी तार चेसिसला बोल्टने घट्ट आवळा. मागे ‘ग्राउंड’ लिहिलेला स्विच असेल तर त्याच्यापासून चेसिसकडे जाणारा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर कापून टाका. तो शॉर्ट झाला आणि अर्थिंग नसलं, तर मेनची वीज चेसिसवर येते, तिथून गिटारच्या तारांवर. ओठ माइकला लागले की गाणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. घरच्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

अ‍ॅम्प अमेरिकेचा, म्हणजे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असणार. मागे छापलेलं वाचून खात्री करा. आपल्याकडे २३० आणि ५०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच, तोही तीन पिनांचा. त्याने व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ तेच राहतात, म्हणून अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर तिकडच्यापेक्षा जास्त तापतो. रात्रभर चालू ठेवू नका.

एवढं झाल्यावर पहिल्यांदा वीज द्यायची ती २३० च्या बाजूला १०० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून. एलईडी चालत नाही. स्पीकर जोडलेलाच हवा, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर धोक्यात. आधी सगळे व्हॉल्व्ह काढून बघा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भकभकीत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मग व्हॉल्व्ह बसवून पुन्हा. शेवटी बल्ब काढून चालवाल तेव्हा दोन्ही ६व्ही६ या पॉवर व्हॉल्व्हच्या आतल्या पत्र्यांकडे बघत बसा. तिथे लाली चढली तर तत्क्षणी बंद. काचेत निळसर झाक दिसली तर घाबरू नका. ज्या व्हॉल्व्हच्या काचेच्या आतला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झालाय, त्यात हवा शिरली आहे, तेवढाच बदला. पुसताना छापलेल्या नंबरावर फडकं फिरवू नका, तो चटकन निघतो.

आणखी एक, आपल्या हवेमुळे. आतला काळा फायबरचा बोर्ड ओल धरतो, मग त्यातून वीज झिरपते आणि अ‍ॅम्प भाजल्यासारखा तडतडतो. माझा दर जुलैत तडतडायचा. वीज तोडून, कंडेन्सर रिकामे करून हेअर ड्रायरने हलक्या आचेवर वाळवला, तेव्हा थांबला.

झाकण उघडलं की कंडेन्सरवरचे आकडे जसेच्या तसे इथे लिहा. कोणते घ्यायचे ते सांगतो.