कुरळे केस वाढवताना सरळ करावेत का?

प्रश्न : मी २३ वर्षांची असून नागपुरात मानेवाडा भागात राहते. माझे केस लहानपणापासून कुरळे, दाट आणि कोरडे आहेत. सध्या ते खांद्याच्या थोडे खाली येतात. मला ते कमरेपर्यंत वाढवायचे आहेत. परंतु जसजसे वाढतात तसतसे जास्त पिंजारतात आणि कितीही विंचरले तरी तासाभरात झिपऱ्या होतात. येत्या वैशाखात दादाचे लग्न आहे. पार्लरमधल्या ताई म्हणतात, आताच रिबाँडिंग करून घे, म्हणजे केस सरळही होतील आणि लांबही दिसतील. तेवढे नको असेल तर निदान केराटिन कर. आईचा सगळा भर तेलावर आहे, तर मावशीचे म्हणणे असे की कुरळे केस मुळात वाढतच नाहीत. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : केस लांब व्हावेत आणि ते आवरलेले दिसावेत, या तुमच्या दोन्ही इच्छा रास्त आहेत. मात्र केस कायमचे सरळ करणे आणि ते कमरेपर्यंत वाढवणे या दोन गोष्टी एकाच वेळी सहसा साधत नाहीत. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा आहे की, हवी ती लांबी येईपर्यंत रसायनांनी केस सरळ करणे टाळावे, लग्नापुरते ते तात्पुरते सरळ करावेत आणि एरवी कुरळे केस ओलाव्याने आवरण्याची सवय लावून घ्यावी.

आधी मावशींच्या शंकेविषयी. केस सरळ असोत की कुरळे, डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटीमीटर वाढतो. कुरळ्या केसांची वाढ दिसत नाही याची कारणे दोन. एक म्हणजे वळणामुळे केस आखडून वर ओढला जातो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. डोक्याच्या त्वचेतून येणारे नैसर्गिक तेल वळणावळणाच्या केसावरून टोकापर्यंत उतरत नाही. टोके कोरडी पडतात, केसांना फाटे फुटतात आणि मुळाशी जेवढे वाढते तेवढेच खालून तुटत राहते. तेव्हा तुमचे केस वाढत नाहीत असे मुळीच नाही, ते टिकत नाहीत. कानामागची एक बट निवडा, ती ओली असताना ताणून शिवणकामाच्या टेपने मोजा आणि मोजमाप कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीच बट दर तीन महिन्यांनी मोजली की खरी परिस्थिती कळेल. खांद्यापासून कमरेपर्यंत पोहोचायला तीन वर्षे किंवा त्याहून थोडा अधिक काळ लागेल, हे मनाशी धरूनच सुरुवात करावी.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याचा आकार मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी धरून ठेवलेला असतो. हायड्रोजन बंध कच्चे असतात. ते पाण्याने आणि उष्णतेने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. म्हणूनच ओला केस लांब दिसतो, ताणून वाळवलेला केस सरळ राहतो, आणि जुलैत पहिल्या झडीची हवा लागताच तोच केस पुन्हा फुगतो. डायसल्फाइड बंध मात्र पक्के असतात आणि पाण्याला दाद देत नाहीत. रिबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेटसारख्या रसायनाने हे पक्के बंध तोडतात, केस धुऊन वाळवून तापत्या इस्त्रीने सपाट करतात आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड असलेल्या क्रीमने ते सरळ स्थितीत पुन्हा जोडतात. सगळे बंध काही पुन्हा जुळत नाहीत, त्यामुळे केस पूर्वीपेक्षा दुबळा होतो. शिवाय मुळातून येणारा नवा केस कुरळाच असतो. पाच-सहा महिन्यांत वर कुरळा आणि खाली सपाट असा सांधा तयार होतो व केस नेमका त्या सांध्यावर तुटतो. तो झाकण्यासाठी मुळाशी पुन्हा रिबाँडिंग करावे लागते आणि दर खेपेला थोडे रसायन जुन्या, आधीच थकलेल्या भागावर जाते. तीन वर्षे केस वाढवायचे म्हणजे हे पाच-सहा वेळा होणार. त्यातून कमरेपर्यंत धडधाकट केस पोहोचणे फार अवघड आहे. ज्यांनी केसांना ब्लीच केले आहे किंवा बाजारी काळी मेंदी लावली आहे, त्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

पार्लरमध्ये केराटिन या नावाने केसांना द्रव्य लावून इस्त्री फिरवतात, ते सौम्य आहे, असा सर्वसाधारण समज आहे. त्यातील अनेक उत्पादनांत फॉर्मॅल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारी द्रव्ये असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मॅल्डिहाइडची नोंद माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांत केलेली आहे. बाटलीवर ‘फॉर्मॅल्डिहाइडविरहित’ लिहिलेले असले तरी घटकांच्या यादीत मिथिलीन ग्लायकॉल हे नाव शोधावे, कारण ते पाण्यात मिसळलेले फॉर्मॅल्डिहाइडच होय. त्याऐवजी अलीकडे ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरले जाते. त्यापासून शरीरात ऑक्सॅलेट तयार होऊन मूत्रपिंडात त्याचे स्फटिक साचल्याच्या आणि मूत्रपिंड अचानक निकामी झाल्याच्या घटना २०२४ साली वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या आहेत. अशा घटना मोजक्या असतील. तरीही केसांच्या चकाकीसाठी हा धोका पत्करावा असे मला वाटत नाही. इस्त्री फिरवताना डोळे चुरचुरू लागले, घसा धरला, तर संकोच न करता उठून मोकळ्या हवेत जावे. त्या बंद, वातानुकूलित खोलीत दिवसभर उभ्या राहून काम करणाऱ्या ताईंच्या छातीत तोच धूर रोज जात असतो, हेही त्यांना आपुलकीने सांगावे.

आता रोजच्या निगेकडे वळू. आठवड्यातून एकदा किंवा फार तर दोनदा न्हावे. न्हाण्याआधी तास-दोन तास खोबरेल तेल लावावे. ते केवळ त्वचेला न चोपडता केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला आणि टोकांना नीट चोळावे. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात दिसून आले आहे. त्याच तुलनेत सूर्यफुलाचे आणि खनिज तेल तसे काम करत नव्हते. या बाबतीत आईचे म्हणणे खरे आहे. मात्र तेलाने ओलावा येत नाही, तेल असलेला ओलावा धरून ठेवते, म्हणून वाळक्या केसांवर नुसते तेल थापल्याने पिंजारणे थांबत नाही. सौम्य, सल्फेट नसलेला शाम्पू फक्त डोक्याच्या त्वचेला लावावा आणि त्यानंतर कंडिशनर सढळ हाताने केसांना लावावे. कंडिशनर केसांत असताना आणि पाणी निथळत असतानाच आधी बोटांनी व मग मोठ्या दातांच्या फणीने, टोकाकडून सुरुवात करून मुळाकडे जात गुंता सोडवावा. कोरडे कुरळे केस विंचरू नयेत. तुमच्या झिपऱ्यांचे निम्मे कारण तेच असावे. टर्किश टॉवेलने केस खसाखसा पुसू नयेत. जुन्या मऊ सुती पंच्यात ते मुठीने दाबून पाणी टिपून घ्यावे.

यानंतर आपल्या विदर्भात घरोघरी असणारे जवस कामाला येते. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत राहावे. पाण्यावर पांढरा फेस येऊन ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे दाटसर झाले आणि चमच्यावरून तार धरून गळू लागले की लगेच आच बंद करावी व गरम असतानाच पातळ कापडातून गाळावे. थंड झाल्यावर ते गाळता येत नाही. ही जेल फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, वास बदलला की टाकून द्यावी. ओल्या केसांवर ती तळहाताने खालपर्यंत ओढून लावावी आणि केस वाळेपर्यंत त्यांना हात लावू नये. वाळल्यावर केस किंचित कडक लागतात. तळहाताला दोन थेंब तेल लावून हलके दाबले की ते मोकळे होतात.

पाण्याचाही विचार करावा. नागपूरला पेंच आणि कन्हान नद्यांचे पाणी नळाने येते, पण अनेक वस्त्यांत न्हाण्यासाठी बोअरवेलचेच पाणी वापरले जाते आणि ते बहुधा जड असते. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे थर केसांवरही बसतात आणि केस राठ होतात. सगळे न्हाणे शक्य नसले तरी शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्यावेत. बाहेर पडताना आपल्याकडे दुपट्टा बांधल्याशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा त्याखाली सैल वेणी घालावी आणि दुपट्ट्याच्या आत जुन्या रेशमी साडीचा एक तुकडा बांधावा, म्हणजे सुती कापडाचे घर्षण केसांना लागणार नाही. उशीच्या अभ्र्यासाठीही तेच कापड चालते.

केस जरा सरळ हवे असतील तेव्हा उष्णतेवाचून ताणून वाळवण्याची एक जुनी रीत आहे. केस जवळजवळ वाळले की त्यांच्या चार शेंड्या कराव्यात आणि प्रत्येकीवर मुळापासून टोकापर्यंत दोन-दोन इंचांवर कापडी रबरे बांधत जावे. रबर आवळू नये, केस फक्त ताणलेला राहावा. रात्रभर तसेच ठेवून सकाळी सोडले की केस बरेच उलगडलेले आणि लांब दिसतात. नेहमी घट्ट वेण्या किंवा अंबाडा बांधणे मात्र टाळा. कानशिलाजवळचे केस त्याने मागे सरकतात आणि काही वेळा पुन्हा येत नाहीत.

लग्नाच्या दिवशी इस्त्री जरूर करून घ्या, कारण नागपूरच्या वैशाखात हवा इतकी कोरडी असते की सरळ केलेले केस दिवसभर टिकण्याची शक्यता चांगली आहे. आदल्या दिवशी न्हाऊन केस पूर्ण वाळवावेत. ओलसर केसांवर तापलेली इस्त्री ठेवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या गाभ्यात बुडबुडे होतात आणि तो केस तुटतोच. उष्णतेपासून रक्षण करणारे सीरम लावून, पातळ बटा घेऊन, १८० अंशांच्या आत, एका बटेवरून एक किंवा दोनदाच इस्त्री फिरवायला सांगा. मंगल कार्यालयात मोठ्या कूलरच्या थेट झोतात बसू नका, कारण त्या ओल्या हवेने केस पुन्हा वळू लागतील. गजरा माळायचा असेल तर तो पाणी न शिंपडलेला घ्यावा.

टोके दर तीन-चार महिन्यांनी सेंटीमीटरभर कापावीत. कापल्याने मुळाशी वाढ वेगाने होत नाही. फाटा वर चढत जात नाही, एवढाच त्याचा उपयोग आहे आणि तो पुरेसा आहे. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून पुष्कळ अधिक गळत असतील, तर तेले बदलत न बसता नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात दाखवावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) व थायरॉइड तपासून घ्यावे.

प्रश्न : मी वर्षभरापूर्वी रिबाँडिंग केले. आता वरचे केस कुरळे आणि खालचे सपाट आहेत. पुन्हा रिबाँडिंग करायचे नाही, पण केस एकदम आखूडही करायचे नाहीत. — एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : पुन्हा करायचे नाही हा तुमचा निर्णय योग्य आहे. सपाट झालेला भाग पुन्हा कुरळा होणार नाही. तो हळूहळू कापूनच काढावा लागेल. दर दोन-तीन महिन्यांनी तीन-चार सेंटीमीटर कापत गेलात, तर लांबी फार न घटता दीड-दोन वर्षांत तो निघून जाईल. तोवर सर्वांत नाजूक जागा म्हणजे कुरळा आणि सपाट भाग जुळतो तो सांधा. विंचरताना तिथे एका हाताने बट धरून ठेवावी, म्हणजे फणीचा ओढा सांध्यावर येत नाही. त्याच जागी रोज रबर किंवा चाप येणार नाही, याचीही काळजी घ्यावी. वरचा भाग खालच्याशी जुळवण्यासाठी रोज इस्त्री करण्याचा मोह होईल. त्याऐवजी खालचे केस ओलसर असताना दोन-तीन सैल वेण्या घालून ठेवाव्यात. वाळल्यावर त्यांना लाट येते आणि दोन्ही भागांतला फरक झाकला जातो.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिचे केस फार कुरळे आहेत. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या असल्याने रोज सकाळी विंचरताना ती रडते. तिचे केस स्मूदनिंग करून सरळ करता येतील का? — एक आई, महाल

उत्तर : नाही, या वयात कोणतेही रसायन तिच्या डोक्याला लावू नये. सकाळच्या घाईत कोरडे केस विंचरले जातात, तिथेच तिला वेदना होते. विंचरण्याची वेळ रात्रीवर न्या. केसांवर पाणी आणि थोडे कंडिशनर मिसळून फवारा, चार भाग करा, प्रत्येक भाग मुळाशी मुठीत धरून टोकाकडून सोडवा आणि वाळल्यावर दोन सैल वेण्या घालून तिला झोपवा. सकाळी वेण्या सोडू नयेत. फक्त वरचे केस ओल्या हाताने बसवून रिबिनी बांधाव्यात. एवढे केल्यावरही डोके खाजवत असेल, तर कानामागे आणि मानेवर उवा-लिखा आहेत का ते पाहा, कारण दाट कुरळ्या केसांत त्या बरेच दिवस लक्षात येत नाहीत.