वर्षासनात आसन नाही

एका वाचकाने विचारले आहे: 'माजी खासदारांच्या मानधनात वाढ' अशी बातमी वाचली. माजी खासदाराला मिळते त्याला मानधन म्हणायचे, निवृत्तिवेतन म्हणायचे की आणखी काही? आणि 'पेन्शन मिळाली' बरोबर की 'पेन्शन मिळाले'?

मानधन तर नक्कीच नाही. ज्या बातमीबद्दल विचारता ती मार्च २०२५ च्या अधिसूचनेची. १ एप्रिल २०२३ पासून मागील तारखेने खासदारांचे वेतन महिना १ लाखाचे १ लाख २४ हजार झाले, माजी खासदारांची पेन्शन २५ हजारांची ३१ हजार झाली, आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षासाठी महिना २,००० ऐवजी २,५०० रुपये जादा. १९५४ च्या मूळ कायद्याच्या नावातच वेतन, भत्ते आणि पेन्शन असे तिन्ही शब्द आज आहेत. तरी वाहिन्यांच्या पट्टीवर 'मानधन' सरकतेच. कुठल्याही पैशाला मानधन म्हटले की तो सोवळा होतो, असा काहींचा समज दिसतो.

या शब्दाची मूळची गंमत वेगळीच आहे. संस्कृतात मानधन हा माणूस असतो, पैसा नव्हे. मान हेच ज्याचे धन तो मानधन, हा बहुव्रीही समास. संस्कृत कवी भारवीच्या 'किरातार्जुनीय' या महाकाव्यात पहिल्याच सर्गात वनेचर, म्हणजे वनात राहणारा हेर, युधिष्ठिराला दुर्योधनाच्या धनुर्धरांचे वर्णन ऐकवतो: 'महौजसो मानधना धनार्चिता'. मान हेच ज्यांचे धन असे हे वीर, आणि लगेच पुढचा शब्द 'धनार्चित', म्हणजे दुर्योधनाने पैसा देऊन पूजलेले! एका चरणात दोन शब्द शेजारी बसवून भारवीने जे साधले ते आपल्या बातमीदारांना सबंध बुलेटिनात साधत नाही. मराठीने बहुव्रीहीचा तत्पुरुष केला आणि मानधन म्हणजे मानाने दिलेले धन झाले. तेही चालले असते. पण आज हा शब्द सर्वांत जास्त कुणासाठी वापरतात पाहा: अंगणवाडी सेविका आणि आशाताई. तिथे मानधन म्हणायचे कारण वेतन म्हटले की मागोमाग ग्रॅच्युइटी, पेन्शन, रजा सगळे मागायला येते. (अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू आहे, हे अखेर २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.) तेव्हा खासदारांसाठी तरी हा शब्द नको. त्यांना वेतनही आहे आणि पेन्शनही.

मग निवृत्तिवेतन? आधी लेखन: समासात 'ति' ऱ्हस्व. सुटी 'निवृत्ती' दीर्घ, पण निवृत्तिनाथ, निवृत्तिवेतन. 'निवृत्तीवेतन' असे फलक सरकारी कचेऱ्यांतही लागलेले दिसतात, म्हणून ते बरोबर ठरत नाही. आता अर्थ. लोकसभेचा सदस्य निवृत्त होतो कधी? तो पडतो, किंवा त्याचे तिकीट कापले जाते, किंवा लोकसभा विसर्जित होते. राज्यसभेचे ठीक आहे. घटनेच्या अनुच्छेद ८३ प्रमाणे तिथले एकतृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी खरोखरच निवृत्त होतात. पण लोकसभेत पडलेल्या उमेदवाराला 'निवृत्त' म्हणणे म्हणजे प्रवृत्ती-निवृत्तीवर इतकी शतके निरूपण करणाऱ्या भाषेची थट्टा आहे. तो दुसऱ्या दिवशी पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागलेला असतो.

'तनखा' हा शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो. फारसी तन-ख्वाह: तन म्हणजे देह, ख्वाह म्हणजे मागणी. देहाला हवे ते. संस्थानिकांना मिळत ते तनखे. संसदेने १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ते बंद केले. समता, लोकशाही वगैरे भाषणे झाली. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, १९७६ साली, त्याच संसदेने माजी सदस्यांसाठी पेन्शन सुरू केली. तेव्हा महिना ३०० रुपये, तेही पाच वर्षे काढलेल्यांना. संस्थानिकांच्या आकड्यांपुढे हे काहीच नाही हे मान्य. पण तनखा दारातून गेला आणि खिडकीतून पेन्शन आली, हा क्रम कोशात नाही तरी दिनदर्शिकेत आहे.

आणि आता ज्या शब्दासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो तो: वर्षासन.

पेशवे दप्तराच्या कागदांत हा शब्द पावलोपावली भेटतो. वैदिकांना, देवस्थानांना, मठांना दरसाल ठरलेली रक्कम किंवा धान्य मिळे ते वर्षासन. संस्कृतचा अभिमान मिरवणारे काही जाणकार याची फोड 'वर्ष + आसन' अशी करतात आणि वर 'वर्षभर एका जागी बसून अध्ययन करण्यासाठी' असे स्पष्टीकरणही देतात. साफ चूक. मूळ शब्द वर्षाशन: वर्ष + अशन. अश् म्हणजे खाणे. अन्नप्राशनातले अशन तेच आणि उपोषणाला बसणाऱ्यांच्या अनशनातलेही तेच. वर्षाशन म्हणजे वर्षाचे खाणे, वर्षाची बेगमी. बोलण्यात श चा स झाला, लोकांना त्यात आसन दिसू लागले आणि खाण्याची जागा बसण्याने घेतली.

पण ही चुकीची फोड दिल्लीत जाऊन खरी ठरली! १९७६ ची पाच वर्षांची अट पुढे गळाली. आता कितीही काळ सदस्य राहिले तरी पेन्शन आहे. थोडे दिवस आसन, जन्मभर अशन. आणि वर्षासन जसे बापामागे मुलाच्या नावे चाले, तशी इथेही माघारी जोडीदाराला निम्मी पेन्शन चालू राहते. माझ्या मते माजी खासदारांच्या रकमेला याहून चपखल मराठी शब्द नाही. रक्कम दरमहा मिळते म्हणून 'मासाशन' म्हणा, असा फाटा कुणी फोडेल. फोडू नये; लोक मांसाशन वाचतील.

खरे तर सरकारातून मिळणाऱ्या पैशाचे आपले सगळेच शब्द पोटाशी येऊन थांबतात. (इंग्रजी 'सॅलरी' आणि मिठाचा तो लॅटिन किस्सा सगळ्यांना पाठ आहे, सोडा.) पोटगी उघडच आहे. भत्ता म्हणजे संस्कृत भक्त, शिजवलेला तांदूळ; प्राकृतात भत्त, त्याचाच आपला भात. नगरकडे चुरमुऱ्या-शेवेचा भत्ता कागदात बांधून मिळतो, त्याचे आणि महागाई भत्त्याचे कूळ मी एकच मानतो. कुणी हसले तर हसो. खुद्द 'पेन्शन' लॅटिनमधल्या तोलणे-चुकते करणे या अर्थाच्या धातूवरून आली, पण फ्रान्समध्ये तिचा अर्थ खाण्यापिण्यासह राहण्याची सोय असाही झाला. युरोपच्या सहलीत हॉटेलवाले 'हाफ पेन्शन' म्हणतात ते नाश्ता आणि एका जेवणाला. म्हणजे तीही शेवटी अशनावरच आली.

यावर कायदेवाले म्हणतील, पेन्शन हा हक्क आहे, दान नव्हे. बरोबर, १९८२ च्या डी. एस. नकारा खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरांबद्दल तेच म्हटले: ती कृपा नाही, केलेल्या सेवेचा मोबदला आहे. पण घटनेच्या अनुच्छेद १०६ मध्ये खासदारांसाठी 'वेतन व भत्ते' एवढेच शब्द आहेत, पेन्शन नाही. त्यावर बोट ठेवून लोकप्रहरी ही संस्था न्यायालयात गेली. २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली; न्यायालय म्हणाले, संसदेला असा कायदा करता येतो. येवो. कायदा करता येतो म्हणजे शब्द बसतो असे नाही. आणि व्याख्येसाठी घटनेकडे जाल तर अनुच्छेद ३६६ सांगतो की पेन्शन म्हणजे 'कोणत्याही प्रकारची पेन्शन'. अशी व्याख्या शाळेच्या पेपरात लिहिली तर अर्धा गुणही मिळत नाही.

लिंगाचे राहिले. स्त्रीलिंगी. 'पेन्शनीत निघाले' म्हणतो आपण, 'पेन्शनात' नव्हे. भिंत-भिंतीत तसे पेन्शन-पेन्शनीत. मार्च २०२३ च्या संपात राज्यातले कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत रस्त्यावर उतरले, 'जुने पेन्शन' म्हणत नव्हे. 'पेन्शन मिळाले' म्हणणाऱ्यांच्या डोक्यात निवृत्तिवेतन असते, तोंडात पेन्शन.