ग्रंथपालांच्या संघटनेत नवीन लोक येईनात, ती उपयोगाची राहावी म्हणून काय करावं?

सभासदाला एकट्याने जमत नाही असं एखादं काम संघटनेने अंगावर घ्यावं, अधिवेशन, स्मरणिका, सत्कार वगैरे सगळं नंतर. मी काही वर्षं अशाच एका संघटनेची सभासद नोंदणी बघत होतो, वर्गणी न भरणारे सगळे एकच विचारायचे, भरून मिळतं काय? बातम्या, नोकरीच्या जाहिराती तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर फुकट येतात, त्यात संघटना मागेच पडणार. पण समजा काउंटरवर कोणी येऊन म्हणालं की हे पुस्तक शेल्फवरून काढा, वरून साहेबांचा फोन, आणि ग्रंथपाल बिचारा एकटा, तेव्हा कोण उभं राहणार? अमेरिकन लायब्ररी असोसिएशन १८७६ ची, तिने १९३९ मध्ये ग्रंथालयाच्या हक्कांची सनद स्वीकारली आणि १९६७ मध्ये यासाठी वेगळं ऑफिसच काढलं, पुस्तकावर आक्षेप आला की ग्रंथपाल तिथे मदत मागू शकतो. ई-जर्नलच्या (ऑनलाइन शोधपत्रिकांच्या) करारांचंही तेच, त्यातली बारीक अक्षरं एकेकट्याने वाचून प्रकाशकाशी घासाघीस होत नाही. तरुणांना कमिटीत खरी जबाबदारी द्या, नुसत्या खुर्च्या मांडायला बोलवू नका (हे फार होतं). फक्त संघटना अगदीच छोटी असेल तर हे सगळं झेपणार नाही, मग एकच काम धरा नाहीतर सरळ दुसऱ्या संघटनेत विलीन व्हा, ब्रिटनची लायब्ररी असोसिएशन १८७७ ची जुनी, तीसुद्धा २००२ मध्ये माहितीशास्त्रवाल्यांच्या संस्थेबरोबर एक होऊन सिलिप (CILIP) नावाची नवी संस्था झालीच की.