जुन्या शहरात परत जाताना कानात काय असावं

ज्या शहरात दोघं मिळून राहिलात तिथेच आता एकट्याने, कामासाठी, चार दिवस जायचंय. नातं संपलंय, पण रस्ते तेच आहेत, तर सोबत कोणती गाणी ठेवू, असं तुम्ही विचारलंय. आत्तापर्यंत तुम्हाला उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी रडवणारी गाणी सुचवली आहेत. माझं मत थोडं वेगळं आहे. विरहाची गाणी घरी ऐकायला ठीक, पण तिथे जाऊन ऐकायची असतील तर गाणाऱ्याची नजर माणसापेक्षा शहरावर जास्त हवी. नाहीतर प्रत्येक कोपऱ्यावर तीच व्यक्ती दिसत राहते आणि शहर बघायचंच राहून जातं.

पहिली शिफारस 'घरौंदा' (1977) या हिंदी चित्रपटाची. पण एक गाणं नाही, दोन, आणि क्रमाने. आधी 'दो दीवाने शहर में': भूपिंदर आणि रूना लैला, दोघं मिळून घर शोधतायत. मग 'एक अकेला इस शहर में': तोच भूपिंदर, एकटा. शब्द गुलजारांचे, संगीत जयदेव यांचं. गंमत बघा, दोन्हीकडे तेच शहर, तीच रात्र आणि दुपार, तोच निवाऱ्याचा शोध. बदललंय ते फक्त अनेकवचनाचं एकवचन झालंय. एवढ्याशा फरकात अख्खा ब्रेकअप मावतो. पहिलं तिथे पोचण्याआधी ऐका, दुसरं तिथे चालताना. उलट क्रमाने ऐकलंत तर मजा जाईल.

गझल चालत असेल तर गुलाम अलींची 'हम तेरे शहर में आये हैं मुसाफ़िर की तरह' (शायर कैसर-उल-जाफरी) हवीच. आपण इथले होतो, आता पाहुणे आहोत, हे त्यात पहिल्याच ओळीत मान्य करून टाकलंय. पुढे मात्र एका भेटीची विनवणी येते. फोन हातात घेऊन मेसेज टाइप करायची सवय असेल तर ही रात्री अकरानंतर लावू नका, एवढंच सांगतो.

भाषा कळली नाही तरी चालेल अशी दोन. शार्ल अझनावूर यांचं फ्रेंच 'ला बोएम' (1965): एक चित्रकार म्हातारपणी पॅरिसमधल्या मोंमार्त्रला, आपल्या जुन्या पत्त्यावर जातो. ना भिंती ओळखू येतात ना गल्ल्या. जिना चढून तो आपला स्टुडिओ शोधतो, तर तिथे काहीच उरलेलं नाही. ठेका वॉल्ट्झचा, म्हणजे गोल फिरत नाचायच्या तीन मात्रांच्या नाचाचा, त्यामुळे दुःख गोल गोल फिरतं, अंगावर कोसळत नाही. दुसरं अर्जेंटिनाचा गायक कार्लोस गार्देल याचं स्पॅनिश टँगो 'वोल्वेर' (म्हणजे परतणं), 1935 च्या चित्रपटातलं. लांबून शहराचे दिवे लुकलुकताना दिसतायत, आणि परतणारा माणूस घाबरलाय, कारण भूतकाळाशी गाठ पडणार आहे. गाडी शहरात शिरताना याच्याइतकं नेमकं गाणं मला तरी माहीत नाही.

मराठीत काय, असंही विचारलंय. आपल्या भावगीतात परतणारा माणूस पावसात, नदीकाठी, अंगणात सापडतो. सिग्नलला उभा असलेला फारसा दिसत नाही. तरी पाऊस असेल तर ग्रेसांचं 'ती गेली तेव्हा रिमझिम' चालेल. झोप उडाली तर आशाबाईंचं 'केव्हातरी पहाटे'. 'नसतेस घरी तू जेव्हा' तुम्हाला आधी कोणीतरी सुचवलंय, ते गाणं छानच आहे, पण ते ज्याचं माणूस घरी परत येणार आहे त्याच्यासाठी आहे. तुमच्या कामाचं नाही.

'आंधी'मधलं 'तेरे बिना ज़िंदगी से' टाळा. ते दोघांचं संभाषण आहे, भग्नावशेषांत फिरत फिरत केलेलं, आणि एकट्याने ऐकलं की अर्धी वाक्यं आपण समोरच्याच्या तोंडी घालत बसतो. 'मेरा कुछ सामान'ची गोष्ट वेगळी. त्यात वस्तूंची यादी आहे, एका छत्रीत अर्धं अर्धं भिजणंसुद्धा मोजलेलं. ते ऐकायला हरकत नाही, फक्त जुन्या घरासमोर उभं राहून नको.

आणि तुम्ही दोघं मिळून ऐकायचात ती गाणी यादीत घेऊच नका. सगळी गाणी निघण्याआधी डाउनलोड करून ठेवा आणि ऑटोप्ले बंद करा. यादी संपली की ॲप तुमच्या जुन्या ऐकण्यावरून पुढचं गाणं निवडतं, आणि ते नेमकं कुठलं असेल हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.