नकाशा, नक्षी आणि 'आकाशगंगां'चा घोळ

निपाणीहून प्रश्न आला आहे : दूरच्या दीर्घिकांचा एकत्रित प्रकाश मोजून विश्वाची रचना शोधतात, त्या 'इंटेन्सिटी मॅपिंग'ला 'आकाशगंगांचे मानचित्रण' म्हणावे का?

नाही. आकाशगंगा एकच, आपली. बाकीच्या दीर्घिका. हा कीस काढणे नव्हे. दूरच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनच्या क्षीण रेडिओलहरींपेक्षा आपल्या आकाशगंगेचे प्रारण हजारो पटींनी प्रखर असते, ते आधी वजा करावे लागते. 'आकाशगंगांच्या प्रकाशातून आकाशगंगेचा प्रकाश वजा करा' या वाक्यातून विद्यार्थ्याने काय समजायचे?

आता 'मानचित्र'. नकाशा परका म्हणून टाळायचा, तर नक्षीही टाळा! दोन्ही अरबी 'नक्श'ची लेकरे, फारसीच्या वाटेने आलेली. मूळ अर्थ कोरणे, रंगवणे. कन्नडात तर नकाशालाच 'नक्षे' म्हणतात. म्हणजे बेळगावात जमिनीचा नक्षे आणि साडीची नक्षी शेजारी नांदतात. 'क्ष' दिसला की काही शब्दप्रेमी मूळ थेट 'नक्षत्रा'त शोधतात. ती व्युत्पत्ती आकाशाला शोभते, पण खोटी आहे.

आणि या कामाला नक्षीच हवी. बेळगावच्याच वडगाव-शहापूर भागातल्या मागावरची साडी लांबून पाहा : धागा दिसत नाही, काठ दिसतो. तसेच इथे एकेक दीर्घिका वेगळी टिपत नाहीत. आकाशाच्या एकेका तुकड्यातून येणारी हायड्रोजनची सगळी चमक एकत्र मोजतात. ती मुळात १४२०.४ मेगाहर्ट्झची, विश्व प्रसरण पावते म्हणून लांबची चमक कमी कंप्रतेवर, म्हणजे वारंवारतेवर येते. ७१० वर सापडली, तर ती विश्वातली अंतरे आजच्या निम्मी असतानाची. त्यामुळे प्रत्येक कंप्रता हा अंतराचा एक थर. कॅनडातली 'चाइम' दुर्बीण ४०० ते ८०० मेगाहर्ट्झमध्ये हेच करते. तिला शोधायची असते ती दीर्घिकांच्या मांडणीतली सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षे मापाची नक्षी.

बिघडते ते वजाबाकीत. आकाशगंगेचे प्रारण कंप्रतेनुसार संथ बदलते, हायड्रोजनचे थराथराला वरखाली होते. या फरकावरच दोन्ही वेगळी करता येतात. पण अँटेनाचा दृष्टिझोतही, म्हणजे ती आकाशाचा जेवढा भाग टिपते तो, कंप्रतेबरोबर बदलतो. तो नेमका मोजलेला नसेल, तर संथ प्रारणालाच लाटा दिसतात आणि खोटी नक्षी उमटते.

तेव्हा 'तीव्रता-नकाशा' म्हणा. आणि तो 'बनवू' नका, काढा. नक्षी काढतात, रांगोळी काढतात, नकाशाही काढतातच.