विचारा की! : कथा, शेजारी आणि चाळीस बंडलं

सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका सहकारी बँकेत कॅश काउंटरवर बसता बसता मी कथा लिहिल्या. एवढ्या भांडवलावर संपादकांनी हे सदर माझ्या गळ्यात घातलंय. या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे: लिहायला विषय आणायचा कुठून?

प्रश्न : ताई, मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही कुंभारीच्या गोदूताई विडी घरकुलात राहतो. आई विड्या वळते, बाबा यंत्रमागावर जातात. मला कथा लिहायची आहे, पण आमच्याकडे काही घडतच नाही. पुण्या-मुंबईच्या लेखकांसारखे अनुभव कुठून आणू?

उत्तर : आधी एक कर. ‘विडी कामगारांचं दुःख’ असा विषय घेऊन बसू नकोस. दुःख आधी ठरवलं की माणसं त्यात कोंबावी लागतात. त्यापेक्षा आकडे घे. मजुरी मिळते हजार विड्यांवर. बंडल पंचवीसचं धरलं तर हजाराची झाली चाळीस. पानं आणि तंबाखू मोजून मिळतात. पानं फाटकी निघाली तरी हजार ते हजारच, कमी पडलेली पानं पदरचे पैसे घालून आणायची. माल जमा करायला गेलं की तपासणारा त्यातल्या काही विड्या बाजूला काढणार. म्हणजे तुझी आई रोज असा हिशेब जुळवते, ज्याला प्रत्येक टप्प्यावर गळती आहे. आणि तू म्हणतेस, काही घडत नाही!

आता समज, एका संध्याकाळी एकोणचाळीसच बंडलं भरली. आई सूप बाजूला ठेवून पुन्हा मोजते. बाबांना विडीची सवय आहे. धाकटा चार दिवस सहलीचे पैसे मागतोय. आजी दुपारभर घरात एकटी होती. आई कोणालाच काही विचारत नाही. जेवताना कोण कोणाकडे बघतं आणि कोण बघायचं टाळतं, तेवढंच लिही. बंडल कोणी घेतलं, ते तुलाही शेवटपर्यंत कळलं नाही तरी चालेल. मला तर वाटतं, न कळलेलंच बरं.

तुमच्या वसाहतीत 2006 साली 10 हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. सगळी घरं सारखी! पहिल्या महिन्यात किती जणांनी भलत्याच दाराची कडी वाजवली असेल? आपलं घर ओळखायला दारावर काय खूण केली होती, ते आईला विचार. तिच्या उत्तरात एक कथा हमखास आहे. चुकून उघडलेल्या दारात दुसरी.

अनुभव मोठा लागतो, हे खूळ शाळेपासून डोक्यात बसतं. सोलापूरवर लिहा म्हटलं की मुलं थेट 1930 चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे काढतात. लिहावंच त्यावर, पण 12 जानेवारी 1931 ला त्या चौघांना फाशी झाली, हे या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मार्शल लॉच्या संचारबंदीत एखादीला कळा सुरू झाल्या असतील तर सुईणीला बोलवायला कोण बाहेर पडलं? असा प्रश्न पडू लागला की मग त्या विषयाला हात घाल.

एक अट मात्र आहे. माणसाबद्दल अर्धंच ठाऊक असलं तरी भागतं, कामाबद्दल नाही. पान किती वेळ भिजवतात, कापताना माप कसं धरतात, दोरा कुठल्या बोटावरून घेतात, हे चुकलं तर तुझ्या गल्लीतली बाई पहिल्याच परिच्छेदात तुला पकडेल.

प्रश्न : सुचलेलं लगेच टिपावं का? मोबाइलवर लोकांचं बोलणं रेकॉर्ड केलं तर?

उत्तर : टिपा, एका ओळीत. रेकॉर्डिंग नको. न विचारता करणं वाईटच, शिवाय बोलणं पुरतं हाती लागलं की तुम्ही ते नुसतं उतरवून काढता. पार्क चौकात चहा पिताना मागच्या बाकावरून अर्धवट ऐकू आलेलं वाक्य जास्त कामाचं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. माझ्या कथेत शेजाऱ्यांनी स्वतःला ओळखलं आणि बोलणं सोडलं. मग डोळ्यांसमोरचं लिहूच नये का?

उत्तर : लिहा, पण सर, जसंच्या तसं कशाला? शेजाऱ्यांची स्कूटर, त्यांचा कुत्रा, भाऊबंदकीचं भांडण, सगळं तसंच उतरलं असणार.

माझं सांगते. बँकेत एक गृहस्थ दरवर्षी संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी खात्यातली जवळजवळ सगळी रक्कम काढायचे. नंदीध्वजांची मिरवणूक झाली, होम मैदानावरचे पाळणे उतरले, की पैसे भरायला हजर. त्याच नोटा, त्याच रबरात. कारण मी कधी विचारलं नाही. ग्राहकाला विचारू नये हे खरंच, पण विचारलं असतं तर अगदी साधं काहीतरी निघेल अशी मला धास्तीही होती. पुढे कथा लिहिली, तीत ना बँक आली, ना पैसे, ना पुरुष. बाळ्यातली एक बाई संक्रांतीच्या आधी मागची खोली रिकामी करते, गाद्यांना ऊन दाखवते. रुसून गेलेली बहीण यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला आली तर उतरेल कुठं? बहीण येत नाही. यात्रा संपली की ज्वारीची पोती पुन्हा खोलीत. दरवर्षीची तयारी आणि दरवर्षीची आवराआवर, एवढंच मी त्या गृहस्थांकडून घेतलं.

कोणी विश्वासानं सांगितलेलं असेल तर ते मात्र रूप बदलूनही वापरू नये, असं माझं मत. बाकी शेजाऱ्यांकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन जा. कथेचा विषय काढू नका.

प्रश्न : आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. घरी तेलुगू, कामगारांत कन्नड, दखनी, मराठी. मराठी कथेत हे बोलणं कसं आणू? सगळ्यांच्या तोंडी पुस्तकी मराठी नाटकी वाटतं.

उत्तर : वाक्यावाक्यात तेलुगू शब्द पेरू नका, ते चटणीत खडे आल्यासारखं लागतं. कोण कुठल्या वेळी भाषा बदलतो, तिकडे कान ठेवा. काउंटरसमोरच्या रांगेत मालक आणि कामगार तेलुगूत हसत-खिदळत उभे असायचे. कामगारानं उचल मागितली, की मालक मराठीत शिरायचा. कथेत ‘मालक मराठीत बोलायला लागला’ एवढं लिहिलंत तरी पुढचं भांडण वाचकाला ऐकू येईल. पात्रांची मराठी साधी ठेवा, वाक्यं आखूड.

आणि मागांचा खडखडाट विसरू नका. यंत्रमाग चालू असताना कोणी चार वाक्यं सलग बोलत नाही. हातवारे, भुवया आणि कानाशी ओरडून दोन शब्द, यावर पाळी निघते. तुमच्या नायकाला लांबलचक काही सांगायचंच असेल, तर आधी वीज घालवा.